पुलावरची अकरा मिनिटं

१

ताईंनी कपाट उघडलं तेव्हा आधी वास आला, आणि त्या जागच्या जागी थिजल्या.

ऑइलपेंटचा वास त्यांना काही नवा नव्हता. बत्तीस वर्षं दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवण्यात गेली होती. पण तो वास खाली दुकानात असायला हवा. वर मंडळाच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात त्याचं काय काम?

कपाटात दादाच्या हातची अठ्ठेचाळीस पानं होती. ‘तांबेरा’ या चित्रकथेच्या पहिल्या अंकाची मूळ पानं. तांबेरा म्हणजे तो नायक, ज्याचा नुसता हात लागला की लोखंडाचा गंजून भुगा होतो. पस्तीस वर्षांपूर्वी दादाने तो काढला, आणि त्यातली सगळी अक्षरं धाकट्या बहिणीने, म्हणजे ताईंनी लिहिली.

ताईंनी पानं बाहेर काढली; कोपरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कुणीतरी ती पायऱ्यांसारखी सरकवून ठेवली होती. चित्रं सुखरूप होती. तांबेरा तसाच उडी मारत होता, पूल तसाच कोसळत होता. पण प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे दादाची सही आणि तारीख असायची, तिथे एक काळा चौकोन होता. ओला, चकचकीत, कडा सरळ. अठ्ठेचाळीस पानं, अठ्ठेचाळीस चौकोन.

त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा करून एक कोपरा हलक्या हाताने पुसून पाहिला. रंग निघाला, आणि सहीही त्याच्याबरोबर गेली. दादा सही नेहमी पेन्सिलीने करायचा. “शाईने सही करायला मी काय मॅजिस्ट्रेट आहे?” असं म्हणायचा. आता भोगा.

आणि वेळ तरी कुठली साधली होती बघा. ‘तांबेरा’वरचा सिनेमा त्याच दिवशी, शुक्रवारी, लागला होता. पडद्यावर म्हणे शंभर लोकांची नावं होती. चहा देणाऱ्याचंसुद्धा होतं, नव्हतं ते दादाचं. दादा गेल्या वर्षी गेला, आणि ‘तांबेरा’ छापणारं मासिक त्याच्याही आधी बुडालं. ताईंनी चार महिने पत्रं लिहून सिनेमा कंपनीच्या वकीलबाईंना जेरीला आणलं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, “सोमवारी अकराला मूळ पानं घेऊन या. सही-तारीख दिसली, तर पुढच्या शुक्रवारपासून नाव पडद्यावर.” नाव येईपर्यंत सिनेमाचं तोंड बघायचं नाही, अशी ताईंनी शपथच घेतली होती.

सोमवार तीन दिवसांवर होता, आणि सही नव्हती.

ताई खाली दुकानात आल्या. काळ्या रंगाचा डबा जागेवर होता. त्याचं झाकण मात्र उलटं बसवलेलं. दोन नंबरचा ब्रश धुऊन, पुसून, बरणीत उभा केलेला. त्यांचाच रंग, त्यांचाच ब्रश! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ज्या कुणी हे केलंय,” त्या रिकाम्या दुकानाला मोठ्याने म्हणाल्या, “त्याला मी सोडणार नाही. दादाची शपथ.”

दुकानाची आणि कपाटाची किल्ली मीटरच्या पेटीमागे टांगलेली असायची. ही गोष्ट ताईंखेरीज जगात तीनच माणसांना ठाऊक होती, आणि ती तिन्ही त्या वेळी सिनेमाला बसली होती.

२

तिघं धावतच आले. थिएटर तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर.

पुढे डॉक्टर. हे दातांचे डॉक्टर, दादाचे जिवलग. चित्रकथांचे असे कट्टर की सिनेमात नायकाच्या पट्ट्याचं बक्कल डावीकडचं उजवीकडे गेलं, तरी यांना दोन दिवस जेवण जात नसे. मागे हाणामारी. गॅरेज चालवणारा धिप्पाड गडी. खरं नाव त्याची बायकोसुद्धा विसरली असेल. चित्रकथा त्याने एकही धड वाचलेली नव्हती. त्याला फक्त मारामाऱ्या हव्या. आणि शेवटी पत्रवाले, पाणीखात्यातले कारकून. कॉलेजात होते तेव्हापासून मासिकाला पत्रं पाठवायचे, त्यातली निम्मी छापूनही यायची. त्यांच्या बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

हे तिघं म्हणजे ‘चौकट मंडळ’. काम एकच: मारधाडीचे आणि चित्रकथांवरचे सिनेमे पाहायचे आणि त्यांवर भांडायचं. पण भांडणालाही शिस्त होती, दादानेच लावलेली. पहिल्या दिवशी पहिला खेळ. शेजारी शेजारी बसायचं नाही, म्हणजे एकाची शिट्टी दुसऱ्याच्या मतात शिरत नाही. सिनेमा संपला की तोंडातून एक शब्द न काढता बाहेरच्या बाकावर बसायचं, आपापल्या कार्डावर मत लिहायचं आणि कार्ड या डब्यात टाकायचं. तिन्ही कार्डं पडली की डब्याला चिकटपट्टी. मग बोला काय बोलायचं ते. डबा रविवारी ताईंनी उघडायचा आणि मोठ्याने वाचायचा. आणखी एक नियम होता. मत सिनेमावर द्यायचं, थिएटरवर नाही. खुर्ची टोचली, पंखा बंद होता, असली रडगाणी कार्डावर चालणार नाहीत.

“चिकटपट्टी लावतोय तोच तुमचा फोन आला, ताई,” पत्रवाले धापा टाकत म्हणाले. “तोंड उघडायलाही वेळ नाही मिळाला.”

ताईंनी टेबलावर पानं मांडली.

डॉक्टर मटकन खाली बसले. “अरे देवा,” ते म्हणाले आणि चष्मा काढून ढसाढसा रडायला लागले.

हाणामारीने मुठी आवळल्या. “नाव सांगा ताई. फक्त नाव सांगा. त्याचे हात मी गॅरेजातल्या शिकंज्यात घालतो.”

पत्रवाल्यांनी एक पान अगदी कडांना धरून उचललं, उजेडात तिरकं केलं. “चित्राला धक्का लावलेला नाही,” ते हळूच म्हणाले. “नशीब म्हणायचं.”

“कसलं नशीब?” ताई कडाडल्या. “माझ्या भावाचं नाव पुसलंय!”

“तसं नाही हो. मी आपलं...”

“तुम्ही तिघंही सिनेमाभर हॉलमध्ये होतात?”

तिघांनीही माना डोलावल्या. पण अंधारात वेगवेगळ्या रांगांत बसलेली माणसं. कोण कुणाची साक्ष देणार? मध्यंतरानंतर उठायचं, दहा मिनिटं चालायचं, अर्धा तास चौकोन रंगवायचे आणि सिनेमा संपायच्या आत परत खुर्चीत. ताई तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेची पाटी रंगवत होत्या, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

“डबा इथेच राहू दे,” ताई म्हणाल्या. “रविवारी सगळे या. आणि आज घरी जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्यातल्याच एकाला मी रविवारी या खोलीत नाक घासायला लावणार आहे.”

तिघं उठले. जिन्यावरून उतरताना हाणामारीचा पाय मात्र एकदा अडखळला.

३

रविवारपर्यंत थांबतंय कोण! शनिवारी सकाळीच ताईंनी चिकटपट्टी टरकन ओढली.

रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. गुन्हेगाराचा दादावर राग आहे, पण तांबेऱ्यावर जीव आहे. नाहीतर पानं फाडायला दोन मिनिटं लागतात. हाणामारीला राग आला असता तर त्याने कपाटच उचलून फेकलं असतं. चौकोन काढायला लागणारा धीर त्याच्या अख्ख्या खानदानात नव्हता. पण माणसाचा भरवसा द्यावा कुणी? दादाने एकदा त्याला सगळ्यांदेखत ‘बिनडोक प्रेक्षक’ म्हटलं होतं, आणि तो वर्षभर बोलला नव्हता. डॉक्टरांचं म्हणाल तर ते ही पानं सिनेमावाल्यांना दाखवायच्याच विरोधात होते. “त्या लुटारूंच्या हातात दादाची पानं? माझ्या जिवंतपणी नाही,” हे त्यांचेच शब्द. आणि पत्रवाले? त्यांचं एकच दुखणं होतं, ते दर रविवारी निघायचं. “दादांनी सगळ्या चाहत्यांना उत्तरं दिली. मला एकदाही नाही.” ताईंना त्यावर नेहमी ओशाळल्यासारखं व्हायचं. टपालात हरवलं असेल, असं म्हणून त्या चहा पुढे करायच्या.

पहिलं कार्ड हाणामारीचं, बॉलपेनने कागद फाडत लिहिलेलं.

‘मारामाऱ्या सात. सहा एकदम फक्कड. पुलावरची तर बापरे! तांबेऱ्याच्या कानावर हातोडा बसतो आणि त्यानंतर अख्खी मारामारी बिनआवाजाची. आपणच बहिरे झालो असं वाटतं. अंगावर काटा आला. दिग्दर्शकाला माझ्याकडून गाडीची सर्व्हिसिंग फुकट.’

दुसरं डॉक्टरांचं. औषधाच्या चिठ्ठीसारखं, पण ताईंना वाचायची सवय होती.

‘मुखवट्याचा रंग चूक. बूट चूक. आणि पुलावर मुकेपणा? हा तर शुद्ध दरोडा! चित्रकथेत तिथे तीन पानं नुसते आवाज आहेत. ताईंनी लिहिलेली ती करकरणारी, तडकणारी अक्षरं हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. दिग्दर्शकाने तो गळा दाबून मारला. दहापैकी दोन, तेही तिकीट फाडणाऱ्याला.’

ताईंनी कार्ड टेबलावर आपटलं. दादाचं नाव खाल्लं ते खाल्लं, यांनी त्यांची अक्षरंही खाल्ली होती?

तिसरं पत्रवाल्यांचं. अक्षर मोत्यासारखं, शाई मात्र विटकरी, गंजाच्या रंगाची.

‘एकूण प्रामाणिक रूपांतर. पुलाचा प्रसंग सर्वांत सरस. कानावर घाव बसतो, आणि क्षणभरात लोखंडाची ती करकर सुरू होते, हळूहळू वाढत जाते, शेवटी खडाड! पानावरची अक्षरं जणू कानांनी वाचतोय असं वाटलं. दहापैकी आठ.’

ताईंनी तिन्ही कार्डं पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. मारामारी आवडली की नाही यावर दोन माणसं भांडू शकतात. पण आवाज होता की नव्हता, यावर कसं भांडणार?

दोघं म्हणतात आवाज नव्हता, एक म्हणतो होता. तिघांतलं कुणीतरी पुलाच्या वेळी हॉलमध्ये नव्हतंच. त्यांनी चपला घातल्या. शपथ गेली उडत.

४

दुपारच्या खेळाला ताई सहाव्या रांगेत बसल्या, पदर घट्ट धरून. नावांची यादी सुरू झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. दादाचं नाव नसलेली यादी बघायची नव्हती.

सिनेमा वाईट नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मध्यंतरानंतर पूल आला. दुष्ट खाणमालकाने घण उचलला. तांबेऱ्याच्या कानावर तो बसला आणि पडद्यावर सगळं शांत झालं.  एक क्षण, दोन क्षण. म्हणजे हाणामारी आणि डॉक्टर खरं लिहितायत, आणि पत्रवाले...

आणि तेवढ्यात कर्र झालं.

बारीक, खोलवरून आलेला आवाज. मग आणखी एक, त्याच्याहून मोठा. गंज खिळ्याखिळ्यातून चढत गेला, तशी करकर चढत गेली. अख्खा हॉल थरथरला आणि शेवटी खडाड करून पूल नदीत गेला. ताईंना ती तीन पानं आठवली. त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. कंदिलाएवढ्या बल्बखाली बसून त्यांनी ती अक्षरं वाकडीतिकडी, गंजलेली, तुटणारी काढली होती, आणि दादा म्हणाला होता, “आवाज तू काढलास गं. मी फक्त पूल काढला.” सहाव्या रांगेत बसून ताई रडल्या. शेजारच्या बाईने त्यांना रुमाल दिला.

बाहेर उन्हात आल्यावर मात्र डोकं थाऱ्यावर आलं.

आवाज तर होता! म्हणजे पत्रवाल्यांनी लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं. आणि ज्यांनी ‘बिनआवाजाची’ लिहिलं, ते दोघं खोटे? डॉक्टर आणि हाणामारी? दोघांनी मिळून? ज्या डॉक्टरांनी दादाला शेवटचं पाणी पाजलं, त्यांनी?

ताई थिएटरच्या पायरीवर बसल्या.  सूड घ्यायचा तर कुणाचा, हे ठाऊक झालं की बरं वाटेल, असं त्यांना वाटत होतं. आता वाटत होतं, कळूच नये.

पण दोघांनी कट केला असता, तर दोघांनीही एकच चूक कशी केली असती? एक त्या शांततेवर फिदा, दुसरा तिच्यावर पिसाळलेला. खोटं ठरवून बोलणारी माणसं असं भांडत नाहीत. या दोघांनी काहीतरी खरोखरच पाहिलं होतं.

त्या उठल्या आणि थिएटरच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर गेल्या.

५

वरच्या खोलीत ऑपरेटर पंख्याखाली बसून चहा पीत होता. थिएटरची पाटी ताईंनीच रंगवलेली. त्यामुळे तो उठून उभा राहिला.

“काल पहिल्या खेळाला काय झालं होतं रे?” ताईंनी थेट विचारलं.

ऑपरेटरचा चेहरा पडला. “मॅनेजरना सांगू नका ताई. आवाजाचं यंत्र तापून बंद पडलं. ते पुन्हा सुरू करीपर्यंत अकरा मिनिटं गेली.”

“पुलाच्या वेळी?”

“नेमकं पुलाच्याच वेळी. मला वाटलं, आता पब्लिक खुर्च्या फेकणार. पण कुणी हूं की चूं केलं नाही! नायकाच्या कानावर घण बसला आणि त्याच क्षणाला आवाज गेला ना. सगळ्यांना वाटलं, दिग्दर्शकाचीच कमाल. बाहेर पडताना दोघं-तिघं म्हणतसुद्धा होते, काय डोकं आहे म्हणून.” तो कसंनुसं हसला. “पुढच्या खेळापासून सगळं ठीक.”

ताईंनी बोटांवर हिशेब मांडला. शुक्रवारच्या पहिल्या खेळात पूल मुका होता. तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाला करकर ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्याने चूक लिहिलं तो हॉलमध्ये होता, आणि ज्याने बिनचूक लिहिलं तो नव्हता.

आणि मंडळाचा नियमच असा की लिहून होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. एक शब्द जरी कानावर पडला असता, तरी तो सावध झाला असता. दादाने लावलेल्या शिस्तीनेच त्याला पकडून दिलं होतं.

“मला सांग,” ताईंनी स्वतःला सावरत विचारलं, “हा सिनेमा शुक्रवारच्या आधी कुणाला बघायला मिळाला असेल का?”

“बुधवारी मोठ्या थिएटरात खास खेळ होता ना. कंपनीने पत्रलेखनाची स्पर्धा ठेवली होती, जिंकणाऱ्यांना बोलावलं होतं. प्रत्येकाला भेट म्हणून पेन पण दिलं. गंजाच्या रंगाच्या शाईचं.”

पत्रलेखनाची स्पर्धा! ताईंना हसू आलं, पण ते हसू बघून ऑपरेटर एक पाऊल मागे सरकला.

आता कोण ते कळलं होतं. का, ते कळायचं होतं. घरी येऊन त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली. त्यात दादाची एक लांब वही होती. चाहत्यांना पाठवलेल्या प्रत्येक कार्डाची त्यात नोंद असे, कारण कार्डावर तो छोटं चित्र काढायचा, आणि एकच चित्र दोघांना जाऊ नये असा त्याचा हट्ट. दादा मजकूर लिहायचा, ताई पत्ता घालून पेटीत टाकायच्या. शेकडो पत्ते. कुठला लक्षात राहणार?

पहिल्या अंकाच्या चार महिने आधीचं पान निघालं. पत्रवाल्यांचं नाव तिथे स्वच्छ होतं, आणि समोर दादाच्या अक्षरात दोन ओळी.

ताईंनी त्या वाचल्या आणि वही छातीशी धरली. “सापडलास,” त्या म्हणाल्या.

६

रविवारी दुपारी तिघं आले. ताईंनी चहा केला, बिस्किटं ठेवली. हाणामारी बिस्किटाला हात लावेना.

ताईंनी तिन्ही कार्डं मोठ्याने वाचली. पत्रवाल्यांचं वाचून होताच हाणामारी उसळला. “कसला आवाज? पूल मुका होता की!”

“मुकाच होता,” डॉक्टर म्हणाले. “अहो, मी दोन दिवस त्यावरच जळतोय.”

पत्रवाल्यांच्या हातातला कप बशीवर खणकला.

“काल मी सिनेमा पाहिला,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पूल मुका नाही. फक्त शुक्रवारी, पहिल्या खेळात, यंत्र बंद पडलं म्हणून अकरा मिनिटं मुका होता. तुम्ही दोघं तिथे होतात म्हणून चूक लिहिलंत. हे तिथे नव्हते, म्हणून बरोबर लिहिलं. सिनेमा त्यांनी बुधवारीच पाहिला होता. बक्षिसात मिळालेल्या पेनाने कार्ड लिहिण्याचा मोह काही आवरला नाही.”

“गैरसमज होतोय,” पत्रवाले म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. “बुधवारी पाहिला, कबूल. शुक्रवारी तेव्हा जरा डुलकी लागली, म्हणून मग आधीचं आठवून लिहिलं...”

“डुलकी लागली? तांबेऱ्याच्या पुलावर? तुम्हाला?” डॉक्टर ओरडले.

पत्रवाल्यांनी मान खाली घातली. ज्या माणसाने पस्तीस वर्षं तांबेरा पाठ केला, त्याला पुलावर झोप लागली, हे त्यांना स्वतःलाही खोटं म्हणून सांगवेना.

हाणामारी उठला. ताईंनी हातानेच त्याला खाली बसवलं.

“का केलंत ते तुम्ही सांगता, की मी सांगू?”

आणि मग तो माणूस फुटला. “माझा होता तांबेरा!” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “एकोणीस वर्षांचा होतो मी. मी लिहिलं होतं त्यांना, ज्याच्या हातात गंज आहे असा नायक काढा. चार महिन्यांनी अंक आला आणि त्यात माझा नायक! खाली सही कुणाची? त्यांची. पस्तीस वर्षं मी याच खोलीत बसून त्यांची वाहवा ऐकली. आता पडद्यावरही त्यांचंच नाव? माझं नाही ना, मग त्यांचंही नको!”

“आणि त्यांनी उत्तर दिलं नाही.”

“एका शब्दाचंही नाही!”

ताईंनी वही उघडून समोर सरकवली. डॉक्टरांनी चष्मा नाकावर सारला आणि वाचलं. “‘योगायोग! तुम्ही म्हणता तोच गडी माझ्या टेबलावर उभा आहे, बारा पानं झाली. पहिला अंक तुमच्या हातात देईन.’ खाली तारीख आहे. आणि कार्डावरचं चित्र: तांबेरा, पत्र वाचताना.”

“पत्ता मी घातला होता,” ताई म्हणाल्या. “शेकडो कार्डांतलं एकही कधी हरवलं नाही, तुमचंही तुम्हाला मिळालं. दर रविवारी तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात, कारण कार्ड आहे म्हटलं की कल्पना तुमची नव्हती हेही आलं.”

“ती वही तुमच्या घरची,” पत्रवाले पुटपुटले. “वकीलबाई घरची वही मानणार नाहीत.”

“नाहीच मानणार. म्हणून तर तुमच्याकडचं कार्ड हवंय. दादाची सही, तारीख आणि टपालाचा शिक्का, तिन्ही आहेत त्यावर.”

“ते मी केव्हाच जाळलं.”

ताई हसल्या. “जाळलंत? अहो, सही पुसायला आलात तेव्हा एका रेषेलासुद्धा ब्रश लागू दिला नाहीत तुम्ही. दादाच्या हातून बाहेर पडलेला पहिलावहिला तांबेरा, आणि तो तुम्ही जाळाल? खिशात असेल आत्ता.”

पत्रवाल्यांचा हात आपसूक छातीशी गेला. मग त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. कार्ड पिवळं पडलं होतं. त्यावर बोटभर तांबेरा पाय पसरून बसला होता आणि पत्र वाचून हसत होता. ताईंनी हात पुढे केला.

“माझ्या हातात नको,” त्या अचानक म्हणाल्या आणि हात मागे घेतला. “उद्या अकरा वाजता तुम्हीच द्या, वकीलबाईंना. मी शेजारी उभी असेन. आणि कार्ड कुणाला आलं होतं, केव्हा आलं, तांबेरा कुणाचा, हे सगळं तुमच्या तोंडाने सांगायचं.”

सोमवारी त्यांनी सांगितलं. वकीलबाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं, शिक्का भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, “पहिल्या अंकाच्याही आधीचं! अहो, तुम्ही तर त्यांचे सगळ्यात पहिले चाहते.” पत्रवाल्यांना “हो” म्हणावं लागलं. त्या एका शब्दाला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात ताईंनी खिडकीबाहेरच्या तीन पाट्या वाचून काढल्या. नाव शुक्रवारपासून पडद्यावर येणार होतं.

परत आल्यावर ताईंनी दुकानातून काळ्या रंगाचा तोच डबा आणि दोन नंबरचा तोच ब्रश घेतला. जिन्याच्या तोंडावर मंडळाची पाटी होती: ‘चौकट मंडळ’, आणि खाली संस्थापकांची नावं, ताईंनीच सोनेरी रंगात काढलेली.

“शिडी धरा,” त्या म्हणाल्या.

“ताई, शिक्षा द्या, पण हे नको. मला दुसरं आहे काय?” पत्रवाल्यांचे डोळे भरून आले होते. “या पाटीवर नाव आहे, तेवढंच.”

“माझ्या भावाचंही तेवढंच होतं. धरा.”

त्यांनी शिडी धरली. हाणामारी आणि डॉक्टर जिन्याखाली उभे होते, आणि दोघांपैकी कुणीही मध्ये पडलं नाही. ताईंनी तिसऱ्या नावावर कडा सांभाळून, सावकाश, सरळ काळा चौकोन काढला. एक थेंब पत्रवाल्यांच्या मनगटावर पडला. त्यांनी तो पुसला नाही.

“झालं का?” त्यांनी खालून हळूच विचारलं.

ताईंनी मान तिरकी करून बघितलं. काळ्याखालून सोनेरी अक्षरं अजून पुसट दिसत होती.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एका हातात नाव जात नाही. उद्या दुसरा हात द्यायचाय, शिडी धरायला या.”